तिसरी डिस्क

"शशिरेखा मॅडम, उद्या उपाशीपोटी या म्हणून आपण कुणाला कळवलंय का? खाली फोनवर फोन येतायत!"

रिसेप्शनवरच्या भाग्याचं बोलणं ऐकून शशिरेखा संगणकाकडे धावली. तिने आधी चाचणीची मशीन बंद केली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

म्हैसूरच्या त्या हृदयरुग्णालयात संगणकाचं सगळं तीच बघायची. बॅकअप, म्हणजे नोंदींची जपून ठेवलेली नक्कल, अडीअडचणीला खरंच उपयोगी पडेल का, हे पाहायला तिने रुग्णांच्या नोंदींची मशीन गेल्या महिन्याच्या बॅकअपमधून वेगळ्या जागी उभी केली होती. मशीन एक, डिस्क तीन. चाचणीला पहिल्या दोनच घ्यायच्या. तिसरीत रुग्णांना मोबाइलवर पाठवायचे निरोप असत, आणि जागी झालेल्या नकलेला मधला महिना सरलाय हे कोण सांगणार? ती इमानेइतबारे जुने निरोप धाडत सुटणार. हे तिने नव्या मुलांना शंभरदा बजावलं होतं. आज घाईत तिनेच तिन्ही डिस्क निवडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

अकरा निरोप गेले होते, सगळे गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया होऊन गेलेल्यांना. दहा जणांची तिने फोनवर माफी मागितली. एका आजीने तर "पुन्हा छाती फाडताय का माझी?" म्हणून चांगलंच झाडलं. अकरावं नाव सण्णम्मा. ती त्याच शस्त्रक्रियेत दगावली होती. तिचा फोन लागेना.

"सोड तो नंबर," शशिरेखाचे साहेब जयरामय्या म्हणाले. "मेलेल्या बाईचा फोन कोण बघतंय? आणि आलंच कुणी, तर मोबाइल कंपनीची चूक म्हणायचं. स्वतःची म्हणालीस तर तुझी नोकरी माझ्याच्यानं वाचायची नाही. कळलं?"

"कळलं, सार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर येऊन रुग्णालयाच्या दाराशी उभी राहिली. कुणी येऊ नये म्हणून चामुंडीदेवीला विनवत होती. तेवढ्यात काखेत पिशवी घेतलेला एक म्हातारा तिच्यासमोर आला.

"मी जवरेगौडा. मंड्याकडचा. सण्णम्माचा नवरा. निरोप आला म्हणून आलो, अव्वा."

"अज्जा, पण सण्णम्मा तर..."

"माझ्याच हातानं माती दिली की तिला. येडा न्हाई मी. शेजारच्या पोरीनं निरोप वाचला, आन् फोन बंद पडला. म्हटलं, त्या दिशी कुणी काय बोललं न्हाई. तिची कापडं हातात दिली, गाडी दिली, झालं. आता बोलावलंय तर सांगतील. आत न्हेल्यावर काय बोलली का, भ्याली होती का..."

मोबाइल कंपनी शशिरेखाच्या जिभेवर तयार होती. नोकरी गेली तर घर कसं चालणार, हेही तिला ठाऊक होतं.

"कुणी बोलावलं नव्हतं, अज्जा. चूक झाली. माझी चूक."

म्हाताऱ्याने काखेतली पिशवी सावरली. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हंजी सांगायला कुणी न्हाई?" एवढंच म्हणून तो बसथांब्याकडे वळला.

"थांबा. मला ठाऊक नाही, पण ज्यांना आहे त्यांच्याकडे नेते."

वरच्या मजल्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या दाराबाहेर दोघं बाकावर बसली. समोरून जयरामय्या आले आणि थबकले.

"शशिरेखा, हे कोण?"

ती उठून उभी राहिली.

"सण्णम्माचे यजमान, सार. मी बोलावलंय त्यांना."