तलावाखालची खोली

भिंती ढकलणं हे आमच्या ऑफिसातलं सर्वांत कंटाळवाणं काम, आणि ते मी मागून घेतलं होतं. आमच्या गेममध्ये एक अख्खं शहर आहे, बंदर, बाजार, टेकडी, तलाव असलेलं, आणि खेळणाऱ्यानं त्यात वाटेल तिकडे भटकावं अशी कल्पना आहे. पण एखाद्या भिंतीत केसाएवढी फट राहून गेली, तर तो तिच्यातून घसरून जमिनीखाली जातो आणि तिथल्या करड्या पोकळीत पडतच राहतो. म्हणून कुणीतरी दिवसभर बसून प्रत्येक भिंतीला धडका द्यायच्या असतात. हे काम नऊ वर्षं करत आलेल्या गृहस्थांना सगळे भिंतकाका म्हणत.

"सहा वर्षं परदेशात शिकलीस ती यासाठी?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं. "माझं डोकं शाळेतच भिंतीवर आपटून पक्कं झालं होतं. मला कुणी पदवी विचारली नाही."

मी परत आले त्याला दोन कारणं होती. एक मी भेटेल त्याला सांगत असे: आपल्या भाषेत बोलणारं, खरोखरीचं खुलं जग उभं करायचं, ज्यात एकही दार कुणाच्या तोंडावर बंद होणार नाही. दुसरं सांगत नसे. त्या शहराचा निम्मा नकाशा माझ्या दादानं बांधला होता, आणि दीड वर्षापूर्वी एका सकाळी तो डबा घेऊन घरातून निघाला, तो ऑफिसात पोचलाच नाही. पोलिसांनी हात टेकले. घरी आई एकटी राहिली. त्याचा माग लागला तर इथेच लागेल, असं मला वाटत होतं. का, ते मला सांगता आलं नसतं.

नकाशा बांधणाऱ्या प्रत्येकाची जमिनीखाली स्वतःची एक खोली असते. कामाला बसताना आपल्या पात्राला कुठेतरी उभं करावं लागतं, तेवढ्यासाठी ती बांधायची. मग हळूहळू जो तो तिथे आपल्या आवडीचं सामान मांडतो. माणूस नोकरी सोडून गेला की खोलीचं दार बुजवतात, पण खोली पुसत नाहीत, कारण वरचं काय खालच्या कशावर टेकलंय हे कुणालाच धड ठाऊक नसतं. मागे एकाची खोली पुसली, तेव्हा बंदरातल्या सगळ्या बोटी आठवडाभर हवेत तरंगत होत्या. दादाची खोली तलावाच्या तळाखाली होती.

"तिथे नको जाऊस," भिंतकाका म्हणाले. "गेलेल्या माणसाचं कपाट आपण उघडतो का?"

"तो गेलेला नाही, काका. सापडत नाहीये."

त्यांनी चष्मा पुसला आणि ते पुन्हा बाजारातल्या भिंतींकडे वळले.

आम्हाला कॅमेरा भिंतीतून आरपार नेता येतो. मी तो तलावाच्या पाण्यातून, चिखलातून, मग एका काळ्या पट्ट्यातून खाली नेला, आणि समोर आमच्या घराची बाहेरची खोली आली. गाद्या घातलेल्या लाकडी खुर्च्या, त्यांतल्या एकीच्या पायाखाली घातलेली पुठ्ठ्याची घडी, खिडकीच्या गजाला अडकवलेली पिशवी, भिंतीवरचा ओलीचा डाग, सगळं होतं. मला रडू आलं. एवढ्या मायेनं कुणी आपलं घर जमिनीत जपून ठेवतं, याचं कौतुक वाटलं. मग टेबलावरचा आईचा चष्मा दिसला. त्याच्या उजव्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला होता.

ती काडी मागच्या रविवारी मोडली होती. दोरा मी गुंडाळला होता.

खोलीच्या फाइलमध्ये शेवटचा बदल दीड वर्षापूर्वीचा होता, दादा निघाला त्या तारखेचा. त्यानंतर तिला कुणी हात लावल्याची नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना मी एक खुर्ची खिडकीशी सरकवली. ऑफिसात येऊन पाहिलं, तर खाली ती खिडकीशीच होती. तिसऱ्या दिवशी मी टेबलावर चिठ्ठी ठेवली: दादा, कुठे आहेस? खालच्या टेबलावर ती दुपारपर्यंत कोरी दिसत होती, मग अक्षरं एकेक करून स्पष्ट झाली, जणू कुणी जवळ घेऊन वाचत होतं. मी चहा घेऊन आले, तोवर ती पालथी पडली होती.

घरी गेले, तर घरातलीही पालथी होती.

"आई, ही तू उलटी ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू?" ती मटार सोलत होती. "त्याला उत्तर द्यायचा पहिल्यापासून कंटाळा."

"कुणाला?"

"कुणाला काय? दादाला. दुपारचा असतो ना तो, तू नसतेस तेव्हा. खुर्ची सरकते, मग मी बोलत बसते. लहानपणी माझं एक ऐकलं नाही मेल्यानं, आता सगळं ऐकून घेतो." तिनं मुठीतले दाणे वाडग्यात टाकले. "फक्त मध्ये काहीतरी येतं गं. काचेसारखं. तुला एखादं दार नाही का करता यायचं? तेच शिकून आलीस ना?"

मी रात्रभर जागले, पण भीतीनं नाही. मला वाटलं, माझं सगळं शिक्षण या एका दारासाठी होतं. तो आत अडकला आहे आणि त्याला बाहेर काढायचं आहे, यात मला तिळमात्र शंका उरली नव्हती.

सकाळी भिंतकाका माझ्या खुर्चीमागे उभे राहून पाहत होते. तलावाच्या काठापासून मी पायऱ्या खाली उतरवल्या, दादाची भिंत कापली, तिथे एक साधं लाकडी दार बसवलं. प्रत्येक दारातून कोणी जावं-यावं हे आम्हाला ठरवून द्यावं लागतं. मी ठरवलं: कुणीही, दोन्हीकडून.

"नुसतं बाहेर यायचं ठेव," काका हळू आवाजात म्हणाले.

"खुलं म्हणजे खुलं, काका."

"बरं बाई. तू शिकलेली."

मी माझं पात्र दारासमोर उभं केलं आणि दार उघडलं. खोली रिकामी होती. तासभर कुणी बाहेर आलं नाही. मागे काठावर पाणी हलत होतं, दूर बाजारातली माणसं त्यांना शिकवलेली तीच चार वाक्यं बोलत होती. दुपारी डोळे चुरचुरायला लागले म्हणून मी तोंड धुऊन आले.

परत आले, तेव्हा आई आत बसली होती. खिडकीशी, दोरा गुंडाळलेला चष्मा लावून. तिच्यासमोर दुसरी खुर्ची ओढलेली होती. तिच्यावर कोणी नव्हतं, पण गादी मात्र खोल दबलेली होती, आणि आई तिकडे वाकून हसत काहीतरी सांगत होती. इतकं मोकळं हसताना मी तिला परत आल्यापासून पाहिलं नव्हतं.

मी घरी फोन लावला. स्क्रीनवरच्या टेबलावर तिचा फोन उजळला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग दारातून सरळ माझ्याकडे. मी पात्राला पुढे चालवलं. ते उंबऱ्यावर थांबलं आणि जागच्या जागी पावलं टाकत राहिलं, आम्ही भिंतीला धडका देताना टाकतं तशी. कानात घंटी वाजतच होती.

"काका, मला आत का जाता येत नाहीये? मी दोन्हीकडून ठेवलंय."

काका स्क्रीनकडे वाकून पाहत होते.

आई उठली. दारापाशी आली, आणि मी झोपले की माझ्या खोलीचं दार ती जसं आवाज न करता ओढून घेत असे, तसंच तिनं ते ओढून घेतलं. त्या दाराला मी कडी केलीच नव्हती. ती आतून लागल्याचा आवाज मी ऐकला.