थांबण्याची खूण

बुद्धवंदना संपली. मेणबत्त्यांच्या वाती अजून धुरकटत होत्या, तेवढ्यात विनय ढवळेने विषय काढलाच.

"पिचिंगचा कोच बदलायला हवा," पोह्यांची प्लेट हातात घेऊन तो म्हणाला. "ब्रिस्टलचा तो माणूस यायला तयार आहे. आणि आपल्या पिचरला, संघर्षला, पुढच्या सीझनला पहिल्यापासून चेंडू द्यायचा नाही. शेवटच्या दोन डावांपुरता ठेवायचा."

"संघर्षने तुझं काय घोडं मारलंय?" कांताबाईंनी विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या कांताबाई संघाच्या प्रत्येक सामन्याला घडीची खुर्ची आणि गुडघ्यांवर शाल घेऊन बसत, आणि अंपायरला अस्सल नागपुरी मराठीत सुनावत. "आधी तू एक चेंडू अडवून दाखव, बावा. मागच्या वर्षी तुझ्या पायांतून गेलेला अजून बंदरावर फिरत असन."

हॉल हसला. विनयही हसला, पण त्याच्या मनातला खरा विषय संघर्ष नव्हता. तिथे कुणाच्याच मनात तो नव्हता. सगळे गेल्या शनिवारभोवती घिरट्या घालत होते, बंदरावरचे सीगल एखाद्या बंद खोक्याभोवती घालतात तशा.

मनाली रामटेके खिडकीशी उभी होती. बाहेर सप्टेंबरचा उजेड पाण्यात भिजलेल्या कागदासारखा रस्त्यावर पडला होता. घरांच्या छपरांमागे साउथहॅम्प्टनच्या क्रेन माना वर करून थिजलेल्या दिसत होत्या. तिला हसू आलं नाही.

हा बेसबॉल क्लब तिच्या वडिलांनी उभा केला होता. विलास रामटेके यांची तरुणपणाची काही वर्षं न्यूजर्सीच्या बंदरात गेली होती. तिथून ते साउथहॅम्प्टनला आले ते कंटेनरच्या कामासाठी, आणि येताना हा खेळ घेऊन आले. आधी धम्मवर्गातली मराठी कुटुंबं मैदानावर उतरली. मग पोलिश आले, इंग्रज आले. पण क्लबचे निर्णय अजून इथेच, रविवारच्या वंदनेनंतर, बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर होत.

निर्णयाची रीतही विलासरावांचीच. या क्लबात हात वर करून मतं मोजत नसत. "हात वर केले की कोण कुणाच्या विरुद्ध होतं हे वर्षभर लक्षात राहतं," ते म्हणत. भिक्खू संघात होई तसं इथे ठराव तीनदा वाचला जाई. ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहायचं, ज्याला नसेल त्याने बोलायचं. तिसऱ्या वाचनानंतरही कुणी बोललं नाही, तर ठराव संमत. ही पद्धत आजवर कधी कुणाला टोचली नव्हती.

शनिवारी अंतिम सामन्याच्या शेवटच्या डावात एकच धाव हवी होती. सम्यक मेश्राम दुसऱ्या बेसवर, धावेच्या अर्ध्या वाटेवर होता. संघातला सगळ्यांत वेगवान धावपटू. चेंडू उजवीकडे उडाला आणि सम्यक निघाला. तिसऱ्या बेसजवळ विलासराव उभे होते. पळणाऱ्याची पाठ चेंडूकडे असते. पुढे होम प्लेटकडे, म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या बेसकडे जायचं की तिथेच थांबायचं, हे त्याला कोचच्या हातांवरून कळतं. दोन्ही हात वर म्हणजे थांब. एक हात गोल फिरला म्हणजे जा. सम्यकने वळणावर हातांकडे पाहिलं, तो थांबला नाही, आणि होम प्लेटच्या कितीतरी अलीकडे शेवटचा गडी म्हणून आउट झाला. विजेतेपद गेलं.

"मी थांब म्हणालो होतो!" विलासराव मैदानभर ऐकू जाईल असं ओरडले होते. "दोन्ही हात वर होते माझे! डोळे होते की नाही तुला?"

"सॉरी काका," सम्यक मातीत बसूनच म्हणाला होता.

मनाली त्या वेळी बॅट घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत होती. वडिलांचे हात तिने समोरून पाहिले होते. डावा वर गेला होता. उजवा छातीपाशी अडकला होता आणि थरथरत होता, बोलावल्यासारखा.

आणि वडील खोटं बोलत नव्हते, हेही तिला ठाऊक होतं. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. मार्चमध्ये कॉमनच्या मोकळ्या माळावर फिरताना त्यांचा उजवा हात चालण्याबरोबर हलत नाही, असं तिला पहिल्यांदा दिसलं. शेजारून चालणाऱ्या परक्या माणसाचा हात असावा तसा तो अंगाला चिकटून होता. मग शर्टाच्या बटणांशी लागणारा वेळ. मग दिवसेंदिवस बारीक होत गेलेली सही. या आजारात शरीर माणसाला फसवतं: हात अर्ध्यावर थांबतो, आणि मेंदू सांगतो की तो पूर्ण वर गेला. इतरांच्या मुलींना हे समजावून सांगताना तिचा आवाज कधी अडखळत नसे. घरी मात्र तिने ते नाव उच्चारलं नव्हतं. आई नागपूरला मावशीच्या आजारपणात अडकली होती. ती परतल्यावर सांगू. सीझन संपल्यावर सांगू. सीझन संपला होता.

ती चहा आणायला आतल्या किचनमध्ये गेली, तर सम्यक तिथे एकटाच, टोपी मुरगळत उभा.

"मना, तू पाहिलं ना?"

"पाहिलं."

"मग ठीक आहे. मला वाटला मी क्रेझी झालो." सम्यक इथेच जन्मला होता; त्याची मराठी उतारावरून पळणाऱ्या मुलासारखी, मध्येच घसरणारी. "काकांचा राइट हॅंड असा, असा करत होता. मी तेच बघितला आणि गेलो."

"मग बोल ना त्यांच्यासमोर."

"नाही." तो पटकन म्हणाला. "मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा काकांनी मला ग्लव्ह घालायला शिकवला. आता सगळ्यांच्या समोर मी त्यांना लायर म्हणू? नाही जमणार. पण ते मला सेकंड टीममध्ये टाकणार, तिथे मी राहणार नाही. मँचेस्टरला एक जॉब आहे. मी जाईन."

"आणि मी बोलले तर?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि नजर चहाच्या कपांकडे वळवली. "ते तुझे बाबा आहेत," तो म्हणाला. हे सांत्वन होतं की आर्जव, ते तिला कळलं नाही.

बाहेर हॉलमध्ये खुर्च्यांचं अर्धवर्तुळ झालं होतं. कौन्सिलमधून निवृत्त झालेले शशिधर खोब्रागडे क्लबचे अध्यक्ष होते. त्यांनी घसा साफ केला. विलासराव पहिल्या ओळीत, नेहमीसारखे ताठ बसलेले. डाव्या हातात चहाचा कप, उजवा हात कोटाच्या खिशात.

"ब्रिस्टलच्या कोचचं पुढच्या बैठकीत," शशिधर म्हणाले. "आज एकच ठराव. कोचची खूण न पाळल्याबद्दल सम्यक मेश्रामला पुढच्या सीझनसाठी दुसऱ्या संघात पाठवावं. विलासरावांनी मुख्य कोच म्हणून राहावं. मान्य असेल त्यांनी गप्प राहावं. नसेल त्यांनी बोलावं. पहिल्यांदा विचारतो."

कुणी बोललं नाही. रेडिएटरमध्ये पाणी गुरगुरलं. कांताबाईंनी तोंड उघडलं; मग विलासरावांकडे पाहून शाल सारखी केली.

"दुसऱ्यांदा विचारतो."

ही शांतता पहिलीपेक्षा जड होती. सम्यक भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत होता. मनालीला वाटलं, आपण मार्चपासून याच खोलीत बसलो आहोत. कुणीतरी रोज विचारतं आहे आणि आपण रोज गप्प राहून हो म्हणतो आहोत. बटणांना हो. सहीला हो. त्या छातीपाशी अडकलेल्या हाताला हो.

"तिसऱ्यांदा..."

"मला मान्य नाही," ती म्हणाली.

माना वळल्या. विलासरावांची सर्वांत शेवटी वळली.

"कारण सांगावं लागेल, मनाली," शशिधर हळू आवाजात म्हणाले.

कारण तिच्यापाशी एका शब्दात होतं. पण तो शब्द या माणसांसमोर, वडिलांना एकांतात सांगण्याआधी, तिला उच्चारता येईना. तिने कप खाली ठेवला आणि ती हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, उठा. हा दुसरा बेस. तुम्ही तिसऱ्यापाशी आहात. मी पळत येते. मला थांबवा."

"हा काय पोरखेळ आहे?"

"तुम्हीच म्हणता ना, मैदानावरचा वाद मैदानावर मिटवायचा. थांबवा मला."

"दाखवा ना विलासभाऊ," विनय उत्साहाने म्हणाला. "एकदाचा सोक्षमोक्ष होऊ द्या."

विलासराव हसले, उठले. कप खुर्चीवर ठेवला, पाय फाकवून उभे राहिले, आणि क्षणभर त्यांच्या अंगात ते जुनं, लवचिक, उन्हात तापलेलं काहीतरी परत आलं. मनाली धावली. खुर्च्यांमधल्या वाटेने, लाकडी जमीन दणाणवत, वडिलांच्या डोळ्यांत पाहत.

त्यांनी हात वर केले.

डावा छताकडे गेला, पंजा उघडा. उजवा खिशातून निघाला, छातीपर्यंत चढला आणि तिथेच राहिला. बोटं आतल्या बाजूला वळून थरथरत होती. ये, ये, ये.

ती थांबू शकली असती. पण त्या हातांत थांबण्याची खूण नव्हती. ती त्यांच्या शेजारून तशीच पुढे पळाली आणि समोरच्या भिंतीवर दोन्ही तळवे आपटून थांबली.

"बघा!" मागून वडिलांचा आवाज आला, विजयी, खणखणीत. "दोन्ही हात वर! आणि हीसुद्धा पळालीच की! आजकालच्या पोरांना..."

वाक्य पुरं झालं नाही. मनालीने भिंतीकडे तोंड ठेवूनच ते ऐकलं, ते न पुरं होणं. मग ती वळली.

विलासराव अजून तसेच उभे होते. ते लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते: विनयच्या, शशिधरच्या, मग कांताबाईंच्या. कांताबाईंनी पदर तोंडाला लावला होता. सगळ्यांची नजर एकाच जागी होती. विलासरावांची नजर हळूहळू त्या नजरांमागून गेली आणि खाली, स्वतःच्या छातीपाशी पोहोचली. तिथे एक हात होता. त्यांनी त्याच्याकडे, अनोळखी माणसाने दारात येऊन नाव सांगावं तसं पाहिलं.

"काका, इट्स ओके," सम्यक पुढे आला. "माझाच चूक होता. आय शुड हॅव..."

"गप्प बस," विलासराव म्हणाले. त्यात राग नव्हता. ते खुर्चीत बसले. कप जमिनीवर पडला, तो कुणी उचलला नाही. मग ते म्हणाले, "शशिधर, ठराव बदल."

"राहू दे आज, विलासभाऊ. नंतर..."

"आज. सम्यक पहिल्या संघात राहील. तिसऱ्या बेसपाशी दुसरं कुणीतरी उभं राहील. रीतीप्रमाणे विचार."

शशिधरांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदा फाटला, दुसऱ्यांदा जवळजवळ ऐकूच आला नाही. विलासराव समोर पाहत होते. तिसऱ्यांदा विचारलं गेलं तेव्हा मनालीला 'बाबा' एवढंच म्हणावंसं वाटलं. तिने ते म्हटलं नाही. ठराव संमत झाला.

नंतर माणसं फार हळू बोलत खुर्च्या रचू लागली. कांताबाईंनी सांबारवडीचा, कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा मनालीच्या हातात कोंबला. "खरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, "पण पोरी, असं?" उत्तराची वाट न पाहता त्या निघून गेल्या.

कारपाशी विलासरावांनी किल्ली काढली, डाव्या हाताने, आणि तिच्यापुढे धरली. आजवर मुलगी गाडी चालवते आणि ते शेजारी बसतात, असं कधी झालं नव्हतं. गाडी बंदराच्या रस्त्याला लागली. एक क्रूझ जहाज धक्क्यावर उभं होतं. त्याच्या असंख्य खिडक्यांवर एकच करडं आभाळ तुकड्यातुकड्यांनी टांगलेलं होतं.

"पार्किन्सन?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक. डॉक्टरांना दाखवायला हवं. मी नक्की सांगू शकत नाही."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मार्चपासून."

 एप्रिल, मे, सगळे शनिवार, सगळे सामने त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावेत. कुठल्या खुणा पोहोचल्या आणि कुठल्या अर्ध्यावर राहिल्या ते.

"घरी का नाही थांबवलंस मला?" ते म्हणाले. "घरात आपण दोघंच होतो. एकदा विचारलं असतंस तरी पुरलं असतं. तीनदाची गरज नव्हती."

तिच्याकडे जी उत्तरं होती ती सगळी तिच्या भीतीची होती, त्यांच्या भल्याची एकही नव्हती. हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की तिने समोरच्या काचेवर नसलेल्या पावसासाठी वायपर सुरू केले आणि लगेच बंद केले.

सिग्नल लाल झाला. शेजारी हालचाल जाणवली. विलासराव सरळ बसले होते, डोळे मिटून, दात आवळून. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठत होता.

"आता वर आहे?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

तिने पाहिलं. हात सीटबेल्टच्या पट्ट्यापर्यंत आला होता आणि तिथे थरथरत होता.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी श्वास घेतला. "आता?"

"नाही."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. मनालीने गाडी हलवली नाही. ती त्या हाताकडे पाहत राहिली, पुढच्या प्रश्नाची वाट पाहत.