दोरी, एक नग

गावाच्या पाणीयोजनेचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास म्हणजे अजून जन्माला न आलेल्या पिढ्यांना दिलेला शब्द असतो. हे वाक्य माझं आहे. आमच्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर ते असतं, पुढच्या ओळीत फक्त गावाचं नाव बदलावं लागतं. हा शब्द आम्ही साधारण अठरा दिवसांत देतो. मध्ये राखी किंवा गणपती आले तर बावीस.

ऑफिस भोपाळच्या बिट्टन मार्केटात, एका टेलरच्या दुकानाच्या वर. चालवतात नीळकंठ देव. सरकारी पाणीखात्यातून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले. चार इमलीतला बंगला सोडून आठ वर्षं झाली, तरी अजून 'माझ्या बंगल्यातला आंबा' म्हणतात, आणि आंबा सरकारी होता हे त्यांना कुणी सांगत नाही. सुरुची वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे. वडील कारखान्यात टेक्निशियन होते, घर अयोध्या नगरला. नदी, झाडं, माणसं, जे काय असेल ते ती जाऊन बघून येते. तिने बघितलेलं मी अहवालाच्या भाषेत बसवतो. माझं नाव सत्यजित, यावर सुरुचीने पहिल्या आठवड्यातच विनोद करून घेतला.

सेमरघाट भोपाळहून बसने अडीच तास. वस्ती बावीस हजार, आणि नळाला पाणी तीन दिवसांतून एकदा. योजना चांगली होती, हे आधीच सांगतो. सोनारी नदीवर बंधारा घालायचा, त्यामागे साठलेलं पाणी पंपाने वर न्यायचं, शुद्ध करायचं, उंच टाकीत चढवायचं, आणि रोज नळाला सोडायचं. यात कुणी वाईट माणूस शोधू नये. शोधलाच तर सगळ्यात जवळ मी सापडेन.

सरकारी मंजुरी एप्रिलनंतर हलते आणि कागद जुलैपर्यंत फिरतात. त्यामुळे आम्ही सगळ्या नद्यांचा अभ्यास ऑगस्टमध्ये करतो. ऑगस्टमध्ये सगळ्या नद्या तब्येतीने चांगल्या असतात. सुरुची गेली तेव्हा सोनारी दोन्ही काठ भरून वाहत होती. फॉर्ममध्ये 'बाधित शेतजमीन' या रकान्यापुढे तिने 'नाही' लिहिलं, 'बाधित कुटुंबे' पुढेही 'नाही'. नदीचा एक छान फोटो जोडला. मी 'नाही'चं 'निरंक' केलं. अहवाल मंजूर झाला आणि दिवाळीनंतर बंधाऱ्याचं काम लागलं.

आमच्या जिन्यापाशी आठवडी हाटाच्या दिवशी एक बाई खरबुजं घेऊन बसते. कमल केवट. एप्रिलच्या मध्याला येते आणि जूनमध्ये दिसेनाशी होते. देवसाहेब तिच्याखेरीज कुणाकडून खरबूज घेत नाहीत. देठाशी नाक लावून वास घेतात आणि 'हं' म्हणतात, तेवढ्यावर सौदा होतो. सात-आठ वर्षं आम्ही तिची खरबुजं खात होतो आणि ती कुठून येते हे एकालाही माहीत नव्हतं. त्या एप्रिलमध्ये सुरुचीने सहज विचारलं.

"सेमरघाट से," कमल म्हणाली.

"अरे, मैं तो गई थी वहाँ. बाड़ी कहाँ है आपकी?"

"नदी में."

"नदी के पास?"

"पास नहीं बिटिया, नदी में. पानी उतरता है तो रेत में लगाते हैं. कहीं और लगा के देख लो, ये बास नहीं आएगी." तिने एक खरबूज सुरुचीच्या नाकाशी धरलं आणि तसंच धरून विचारलं, "तुम पढ़ी-लिखी हो, एक बात बताओ. नीचे मोड़ पे दीवार बन रही है. और इधर हमारे पत्थरों पे लाल निशान लगा गए, मेरे सर से ऊँचा. वो काहे का है?"

सुरुचीला ते माहीत होतं. बंधाऱ्यात पाणी कुठवर चढेल त्याची ती खूण. ती तिच्याच ड्रॉइंगमध्ये होती, निळ्या रेघेने.

तिने खरबूज घेतलं आणि न कापता माझ्या टेबलावर ठेवलं. "दादा, आपण माती खाल्ली," ती म्हणाली.

दुपारभर ती कमलपाशी बसून राहिली. कळलं ते असं. देवउठनी ग्यारसला, म्हणजे कार्तिकी एकादशीला, नदी उतरली की काठावरची एकेचाळीस घरं वाळूत उतरतात. नदी दरवर्षी वाळू इकडची तिकडे करते, म्हणून वाटणी दरवर्षी नव्याने. कमलच्या सासऱ्यांकडे तागाची एक दोरी आहे, त्यांच्या वडिलांची. एका घराला एक दोरी रुंद पट्टा. कुणाला कुठला पट्टा, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मग चर खणायचे, खत घालायचं, फेब्रुवारीपासून तिथेच झोपड्या बांधून राहायचं. पहिल्या पुराच्या आधी सगळं उचलून घरी. यातल्या कुणाचीही काठावर वीतभर जमीन नाही.

"कागज कुछ है?" सुरुचीने विचारलं होतं.

"कागज काहे का? रस्सी है."

पुढच्या हाटाला कमलने ती दोरी आणली, टोपलीत खरबुजांच्या खाली. काळपट, दोन्ही टोकांना गाठी. सुरुचीने ती देवसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"सर, बाधित शेतजमीन. एकेचाळीस घरं आहेत. आपण निरंक लिहिलंय."

"ऑगस्टमध्ये होती का ती तिथे?"

"ऑगस्टमध्ये तिथे नदी होती."

"मग आपण खोटं काय लिहिलं?" देवसाहेबांनी हे खरंच विचारलं होतं. ते तसे पापभीरू आहेत. "अगं, बावीस हजार माणसं तीन दिवसांचं पाणी बादल्यांत साठवून पितात. एकेचाळीस घरांच्या खरबुजांसाठी तू ते अडवणार?"

"अडवा कुठे म्हणतेय, सर? लिहा म्हणतेय. लिहिलं तर भरपाईच्या यादीत नाव लागतं. बस, इतकंच. नाहीतर मतलब, ती माणसं नाहीतच."

देवसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि टेप मागवली. दोरी ऑफिसच्या लांबीत मावेना, म्हणून मी जिन्यावर एक टोक धरून उभा राहिलो. बावीस मीटर चाळीस सेंटिमीटर. "थोडी आक्रसली असेल," ते म्हणाले. वस्तू पुरावा म्हणून आली होती, तेव्हा आवक रजिस्टरमध्ये नोंद करणं भाग होतं. मी लिहिलं: दोरी, एक नग.

मग सुरुचीने तिथल्या पटवाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. पटवारी म्हणजे महाराष्ट्रातला तलाठी. त्याच्या वहीत जमिनीला खसरा नंबर असेल तर जमीन आहे, नसेल तर ती नुसती भूगोलात.

"मैडम, रेत का खसरा नहीं होता," पटवारी म्हणाला. "नदी सरकार की, रेत सरकार की."

"और खरबूजा?"

"खरबूजा बढ़िया होता है वहाँ का."

फोन ठेवल्यावर देवसाहेबांनी दोरीचं नीट वेटोळं केलं. "मी काही दगड नाही, सुरुची," ते म्हणाले. "पूरक सर्वेक्षणाची परवानगी मागू. रीतसर. पण तोवर ही दोरी इथेच राहील. पुरावा आहे."

सुरुची खाली गेली आणि कमलला म्हणाली, नाव लागेल. मी वरून ऐकलं. कमलने तिला दोन खरबुजं जास्तीची दिली, आणि ती नको म्हणताना सुरुचीचा आवाज फार हलका झाला होता.

परवानगीचं पत्र मेमध्ये गेलं. ते पाच टेबलांवर फिरलं. एका टेबलाने विचारलं की अभ्यास झालेला असताना पुन्हा अभ्यास कशाचा. आम्ही उत्तर दिलं. दुसऱ्या टेबलाने त्या उत्तराची प्रत मागितली. मंजुरी आली एकोणतीस जुलैला, आणि सर्वेक्षण तीस दिवसांच्या आत पूर्ण करावं असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं.

म्हणजे ऑगस्ट.

सुरुची गेली. काठावर एकेचाळीस घरची माणसं धुतलेल्या कपड्यांत उभी होती, सरकारी पाहणी म्हणून. सोनारी दोन्ही काठ भरून वाहत होती. कमलच्या सासऱ्यांनी हात लांब करून पाण्याकडे बोट दाखवलं, इथे आमचा पट्टा, त्या भोवऱ्याच्या पलीकडे अमक्याचा, तिथून पुढे तमक्याचा. सुरुचीने सगळ्यांची नावं पट्ट्यांच्या क्रमाने उतरवून घेतली. चार पानं भरली. शेवटी तिने लिहिलं: 'पाहणीच्या वेळी लागवड दिसली नाही, कारण ती जागा पाण्याखाली आहे. फेब्रुवारीत यावे.'

देवसाहेब ती पानं घेऊन माझ्याकडे आले. "जरा बसव," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता परत गेले.

आता बसवणं म्हणजे काय, ते सांगतो. फॉर्ममध्ये दोन चौकोन असतात, 'लागवड आढळली' आणि 'लागवड आढळली नाही'. मी दुसऱ्यात खूण केली. 'कारण' या शब्दाला फॉर्ममध्ये जागा नाही, म्हणून तो शब्द गेला आणि त्याच्या मागे जे होतं तेही गेलं. झोपड्या पुराआधीच उचललेल्या असल्याने दिसल्या नाहीत, तेव्हा कुटुंबे निरंकच राहिली. पण पूरक अहवालात काहीतरी पूरक हवं. मी लिहिलं: 'नदीपात्रात हंगामी वनस्पती-आच्छादन असल्याचे सांगण्यात आले. परिणाम नगण्य. उपाय म्हणून काठावर पाचशे रोपे लावावीत.' वाक्यं चांगली झाली होती. मला ती कुणी सांगितली नव्हती. देवसाहेब फक्त 'जरा बसव' म्हणाले होते.

सुरुचीने छापलेली प्रत उभ्याउभ्या वाचली.

"दादा, हे खरबूज आहे ना?"

"हो."

"आणि कमलबाई कुठे आहेत?"

"पान सात. 'स्थानिक जनतेने प्रकल्पाबद्दल उत्सुकता दाखवली.'"

"नावं?"

"नावांना परिशिष्ट लागतं. परिशिष्टाला खसरा नंबर लागतो."

तिने प्रत माझ्या टेबलावर ठेवली, तिथेच, जिथे एप्रिलमध्ये ते खरबूज ठेवलं होतं. राजीनामा तिने दिला नाही. घरी बसणं तिला परवडणारं नव्हतं आणि भोपाळात नदी बघणारी बाकीची ऑफिसंही ऑगस्टमध्येच बघतात. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "स्टेपलर." दादा म्हणाली नाही.

पूरक अहवाल मंजूर झाला. ऑक्टोबरमध्ये बंधाऱ्याची दारं बसवली.

नोव्हेंबरात ग्यारसच्या दुसऱ्या दिवशी कमल आली. त्या महिन्यात आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. टोपली नव्हती, त्यामुळे मला तिला ओळखायला क्षणभर लागला. ती पहिल्यांदाच जिना चढून वर आली आणि दारात उभी राहिली.

"पानी उतरा नहीं," ती म्हणाली. "लाल निशान पे खड़ा है."

सुरुची उठून उभी राहिली होती.

"बैठो, कमलबाई," देवसाहेब म्हणाले. "लिस्ट का मैंने बहुत कोशिश किया..."

"बैठना नहीं है, बाबूजी. बस का टाइम है. रस्सी दे दो."

"रस्सी?" देवसाहेब गोंधळले. "अब उसका क्या करोगी?"

"भैंस बाँधेंगे. मजबूत है."

दोरी कपाटावर होती, आमच्या जुन्या अहवालांच्या मागे. सुरुचीने स्टुलावर चढून काढली, झटकली, पदराने पुसावी तशी ओढणीने पुसली. जावक रजिस्टर मी पुढे केलं आणि शाईचा पॅडही, अंगठ्यासाठी. कमलने पॅड बाजूला सरकवला आणि पेन मागितलं. गोल, नीट अक्षरात सही केली.

"आठवीं पास हूँ," ती म्हणाली, कुणीही विचारलं नसताना.

निघताना देवसाहेबांना राहवलं नाही. "तो इस साल खरबूजा?"

तिने दोरीचं वेटोळं खांद्यावर नीट अडकवलं. "हमसे क्या पूछते हो, बाबूजी. लिखा तो आप लोगों ने है. क्या लिखा है, खरबूजा?"

"वनस्पती-आच्छादन," सुरुची मराठीत म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

कमलला ते कळलं नाही. ती जिना उतरून गेली.

आता पुन्हा मे आलाय. जिन्यापाशी एक दुसरा माणूस बसतो, त्याची खरबुजं करोंदच्या मंडीतून येतात, मंडीत कुठून येतात ते त्याला ठाऊक नाही. देवसाहेब देठाशी नाक लावतात आणि तसेच वर निघून येतात. सेमरघाटची टाकी बांधून झाली, आकाशी रंग दिला, फीत कापली. पाचशे रोपं काठावर लावली होती, समोर पाणी होतं, पण ते घालणारा माणूस फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात नव्हता, म्हणून ती गेली. पंपाला मात्र अजून वीज नाही. विजेची तार थोड्या जंगलातून न्यावी लागते, तिचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा वेगळा अभ्यास हवा. तो आमच्याकडे आला आहे. सुरुची ऑगस्टमध्ये जाईल. पहिलं पान मी करून ठेवलंय, गावाचं नावसुद्धा बदलावं लागलं नाही.

सेमरघाटला नळाला पाणी तीन दिवसांतून एकदा येतं.