आजोबांच्या पायाची जागा

आजोबांच्या गाडीची किल्ली आईने बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी ओतून गोठवून टाकली. "नुसती लपवली की शोधून काढतात," ती म्हणाली. त्या आठवड्यात आम्ही कोणीच गार पाणी प्यायलो नाही. न जाणो, गिळली तर!

कारण असं, की गाडी आचके द्यायची. सरळ रस्त्यावर निवांत चाललेली असताना एकदम मान टाकायची आणि लगेच पुढे उडी मारायची. मागचा ट्रकवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण हे सगळं फक्त आजोबा चालवताना. मी चालवली तर काही नाही. आई चालवते तेव्हाही नाही. अर्थात आई गाडी चालवत नाही, गाडीवर रागावते.

"पाय थरथरतो त्यांचा," आईने निकाल दिला. "वय झालं. बास आता."

पण आजोबा रोज सकाळी बूट घालून, नाड्या बांधून, उभ्या गाडीत जाऊन बसू लागले. एकदा तर त्यांनी इंडिकेटरची दांडीही खाली केली. कुठेतरी वळले असावेत.

शेवटी मावशी आली. आईची धाकटी बहीण, स्वतःचं गॅरेज चालवते, आणि आईला न घाबरणारी आमच्यातली एकमेव व्यक्ती.

"ताई, किल्ली."

आईने तिच्या हातावर बर्फाचा खडा ठेवला. मावशीने तो गरम पाण्यात टाकला आणि काहीच विचारलं नाही. याच आईसोबत लहानाची मोठी झालीय ती.

बॉनेट उघडून तिने मला एक काळी डबी दाखवली, काडेपेटीपेक्षा लहान. "हा सेन्सर. अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते इंजिनाला सांगतो. हा खोटं बोलला की इंजिन गडबडतं, गाडी आचके देते." तिने डबीला काट्याचा जुना मीटर जोडला आणि इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवली. "बस आत. हळूहळू दाब."

मी दाबत गेलो, काटा चढत गेला. मध्येच एका ठिकाणी पापणी लवावी तसा लवला आणि पुन्हा वर.

"तिथंच धर!"

ती जागा मला काही सापडेना. पुढे गेलो, मागे आलो.

"पाय आहे की फावडं?" मावशी म्हणाली. मग आई बसली. काटा थेट टोकाला जाऊन आपटला.

"आप्पा, तुम्ही या. रोजचा पाय ठेवा."

आजोबा बसले. आरसा नीट केला. मागे भिंत होती. मग पाय ठेवला.

काटा धाडकन शून्यावर पडला आणि तिथंच राहिला.

"काढा. परत ठेवा."

शून्य.

"डोळे मिटून."

शून्य. आईच्या हातांची घडी हळूच सुटली.

मावशीने डबी काढून स्क्रूड्रायव्हरने फोडली. आत वळणदार काळी पट्टी होती, आणि तिच्यावरून सरकणारं केसाएवढं बारीक पातं. पट्टी धड होती. फक्त एका जागी, तिळाएवढी, झिजून पांढरी पडली होती.

"पाय थरथरत असता ना ताई, तर अख्खी खरवडली असती. हा माणूस इतकी वर्षं एकाच चालीने चालवतोय. पाय तसूभर हलला नाही. एकाच जागी ठेवून ठेवून भोक पाडलंय!"

दगडी पायऱ्या झिजलेल्या मी पाहिल्यात, पण त्याला हजारो माणसं लागतात. इथे एकच म्हातारा, तोही बसून. मी त्या तिळाकडे बघत राहिलो.

"पण एवढी एकच चाल कशाला, आप्पा?" आईने विचारलं. आवाज निम्मा झाला होता.

आजोबांनी माझ्याकडे बोट केलं. "हा तान्हा होता तेव्हा गाडी जरा हलली की भोकाड पसरायचा. शोधता शोधता एक चाल सापडली. त्या चालीवर हा झोपायचा." ते थोडे ओशाळले. "मग बदलली नाही."

मावशीने खिशातून नवी डबी काढून बसवली. आईने किल्ली पदराला पुसून आजोबांच्या हातात दिली आणि पुढे, त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी मागे बसलो. सरळ रस्ता लागला. गाडी आचके देते का, यावर मला बारीक लक्ष ठेवायला सांगितलं होतं.

पुढचं मला माहीत नाही. मी झोपलो होतो.