सूत्रधाराने घेतलेलं नाव

सन १८८९ च्या उन्हाळ्यात ठाण्याच्या कचेरीतले अण्णा खांबेटे पेन्शनीत निघाले आणि त्याच आठवड्यात कल्याणची गाडी धरून नाटकाला गेले. नाटक त्यांचं स्वतःचं होतं. पण ही गोष्ट उभ्या जगात दोघांनाच ठाऊक होती: एक अण्णा, दुसरा त्यांचा बालमित्र आणि नाटक कंपनीचा मालक, दौलतराव चौबळ.

पंधरा वर्षांपूर्वी नाटक लिहिलं तेव्हा अण्णांनीच त्याला शपथ घातली होती, माझं नाव कुठे सांगू नकोस. नाटकवाला म्हटलं की लोक नाक मुरडत. वडील तापट, साहेब कडक, घरात मुलींची लग्नं व्हायची. म्हणून सुरुवातीला सूत्रधार नटीला सांगे, "हे नाटक कोणी एका गृहस्थाने रचले आहे." अब्रूला जपणाऱ्याची अब्रू राहते, बाकी काही राहत नाही.

आता वडील गेले, मुली उजवल्या, नोकरी सरली. दौलतरावाने त्या जुन्या गद्य नाटकात पदं घालून संगीत नाटक केलं होतं. कल्याणच्या प्रयोगात तुझं नाव घेतो, असा त्याने शब्द दिला होता. अण्णा नवं उपरणं घेऊन पारनाक्याजवळच्या मांडवात पहिल्या रांगेत बसले. आयुष्यात एवढी एकच हौस त्यांनी राखून ठेवली होती.

नांदी झाली. नटीने विचारलं, "पण नाथ, आजचं नाटक कुणाचं?"

"कविवर्य दौलतराव चौबळ यांचं," सूत्रधार म्हणाला. टाळ्या पडल्या.

अण्णा तडक पडद्यामागे गेले. दौलतराव राजाच्या वेषात मिशी चिकटवत होता.

"दौलत, नाव माझं घ्यायचं ठरलं होतं."

"अरे, पदं माझी, चाली माझ्या. पुस्तक छापून सरकारात नोंदवलंय ते माझ्या नावावर."

"आणि बाकीचं सगळं?"

"ते कोणी एका गृहस्थाचं," दौलतराव आरशातून हसला. "तूच लपवलास तो. आता मी कुठून आणू? जा, बस जाऊन."

अण्णांना भांडता येईना. ज्याच्या डब्यातलं खाऊन शाळा केली, त्याच्यावर ओरडायचं तरी कसं?

तिसऱ्या अंकात राजाला प्रधानाची फितुरी कळते. दौलतराव पुढे आला. "शत्रूचा वार छातीवर दाखवता येतो, प्रधानजी..." एवढं म्हणाला आणि त्याची नजर पहिल्या रांगेत परत येऊन बसलेल्या अण्णांवर पडली. पुढचं वाक्य त्याला आठवेना.

अण्णा उभे राहिले. हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने आज ते सगळ्यांसमोर म्हणायचं, मग कळेल लोकांना.

"मित्राचा कुठे दाखवू?"

पण म्हणाला तो अख्खा मांडव. एका सुरात, मागच्या घोंगड्यांवरच्या आंबिवलीच्या कुणब्यांपर्यंत. पंधरा वर्षं ऐकून सगळ्यांनाच ते पाठ झालं होतं. अण्णांचा आवाज त्यात कुठे गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दौलतरावाने हात जोडले, वन्समोअर झाला.

शेजारचे पागोटेवाले कौतुकाने म्हणाले, "तुम्हालाही पाठ आहे वाटतं?"

"हो," अण्णा म्हणाले, आणि खाली बसले.