डुकराचं शेपूट

कोडगूच्या डोंगरात शिकारबंदी यायच्या आधीची गोष्ट. रानडुक्कर ज्याच्या गोळीनं पडे, त्याचा वाटा मोठा. पण पडलेल्या जनावराच्या शेपटाला जो पहिला हात लावी, त्यालाही वेगळा वाटा मिळे. बेळ्ळिअप्पाच्या घरी मटण शिजायचं ते या दुसऱ्या वाट्यावर. त्याच्या बंदुकीनं आजवर एक फणस तेवढा पाडला होता. पण धावायला लागला की शिकारी कुत्रीही मागे पडत.

त्या दिवशी वेलदोड्याच्या मळ्यात सुभेदार मुद्दप्पांचा बार झाला आणि भलंमोठं डुक्कर आडवं झालं. बेळ्ळिअप्पा सुटला, त्यानं थेट शेपटावरच झेप घेतली.

"माझं! सगळ्यांनी बघा, माझं!"

डुक्कर उठलं.

गोळी नुसती कानाला चाटून गेली होती. डुक्कर उतारावरून चौखूर उधळलं, ते बेळ्ळिअप्पाला फरफटत घेऊनच.

"अरे सोड, गाढवा!" सुभेदार मागून धावत ओरडले.

"सोडलं तर वळेल ना ते माझ्यावर!"

"मग मी बार कसा टाकू? तू मधे!"

"टाकू नका! घरी बायको आहे माझी!"

बायको घरी नव्हती. चोंडम्मा खाली भातखाचरात, गुडघाभर चिखलात उभी राहून बांबूच्या टोपल्यात मासे धरत होती. समोरून डुक्कर येतंय आणि त्याच्यामागे आपला नवरा, हे पाहून ती जागची हलली नाही. हातातलं टोपलं तिनं मासळीसकट डुकराच्या मुस्कटावर दाबलं. काही दिसेना, तसं जनावर गरगर फिरलं आणि चिखलात रुतून बसलं. धापा टाकत आलेल्या सुभेदारांनी कानाजवळ नळी टेकवून काम संपवलं. बेळ्ळिअप्पाची बोटं दोघांनी मिळून सोडवावी लागली.

वाटपाच्या वेळी सुभेदार अडून बसले. "मेलेल्याचं शेपूट धरायचं असतं. जिवंत डुकराचं धरल्याचा कसला वाटा?"

गावचे म्हातारे कारभारी पोन्नय्या म्हणाले, "मेलं तेव्हा शेपूट कुणाच्या हातात होतं?"

"याच्याच."

"मग झालं तर."

"आणि माझे मासे?" चोंडम्मानं विचारलं.

म्हाताऱ्यानं जरा डोकं खाजवलं आणि मागची एक अख्खी तंगडी तिच्याकडे सरकवली. बाईला शिकारीचा वाटा गावात पहिल्यांदाच मिळाला.

रात्री बेळ्ळिअप्पा पोटावर पालथा पडून मटण खात होता. बसायची सोय उरली नव्हती.

"अहो, पुढच्या वेळी मेलंय का ते आधी विचारून घ्या," चोंडम्मा त्याच्या पाठीला तेल लावत म्हणाली.

"कुणाला?"

"डुकराला. सुभेदारांना काय कळतंय!"