रिकामी वल्ही

मागच्या भादव्यात गोदावरीच्या मध्यावर आण्णांच्या नावेचं इंजिन बंद पडलं. नाव पुराबरोबर वाहत जाऊन खडकावर आपटली. उतारू पोहून निघाले, आण्णा निघाले नाहीत. इंजिन डोहात गेलं, त्यामुळे ते कशानं थांबलं हे कुणालाच कळलं नाही.

आता नाव दुरुस्त झाली होती. मृगाआधी हैदराबादेहून इंजिन यायला हवं होतं. एक मागवायचं की दोन, हे आण्णांची एकुलती मुलगी म्हणून मी सांगायचं होतं.

इंग्रजी कॅटलॉग मी पुन्हा पुन्हा वाचला. नावेच्या पाठीला दोन इंजिनं लटकवली तर एक थांबलं तरी दुसरं काठाला आणतं, असं एका पानावर होतं. दोन्हींच्या वजनानं लहान नावेत मागून पाणी शिरतं, असं पुढच्या पानावर. आमची नाव लहान की मोठी, हे कुठंच नव्हतं.

"दोन घ्या बाई," सुंदरराव पाटील म्हणाले. त्यांचं निम्मं रान पलीकडच्या काठाला होतं. "एका बैलाची गाडी पाहिली का कुठं?"

"अन् जोडीतला एक बसला तर दुसरा घर गाठतो का, पाटील?" दस्तगीर मिस्त्री म्हणाला. तो गेवराईत गिरणीची इंजिनं दुरुस्त करायचा.

"म्हंजी एकच घ्यावं म्हणतो?"

"तसं कुठं म्हणलो मी?"

"मग आलास कशाला रे?"

"चहाला."

मग तो माझ्याकडे वळला. "ताई, पेट्रोल दोन्हींत एकाच डब्यातून जाणार. डब्यात पाणी असलं तर दोन्ही बसतील, नळीत कचरा असला तर एकच. आण्णांचं कशानं बसलं ते कळलं असतं तर सांगितलं असतं."

दोन मागवावीत तर आण्णांनी एकावर भागवलं ही चूक ठरत होती. एकच मागवावं, तर त्याच पाण्यात पुन्हा तशीच माणसं पाठवायची. कॅटलॉग मिटून मी परसात गेले.

पहिलं इंजिन आलं तेव्हा आण्णांनी वल्ही घरी आणून टाकली होती. इंजिनाच्या नावेत वल्ही दिसली की लोक हसतात, म्हणायचे. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आई ती दोन खाटांवर आडवी टाकून त्यांवर शेवया वाळवायची. यंदा घरात दुःख, त्यामुळे शेवया करायच्या नव्हत्या. तरी सवयीनं तिनं वल्ही मांडली होती आणि ओल्या फडक्यानं पुसत होती.

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

"कळत नाही."

तिनं फडकं पिळून खाटेवर टाकलं. "यंदा रिकामीच हायेत. नावेत ने."

"आणि इंजिन?"

"ते तू बघ. मला त्यातलं काय कळतं?"

मी एकच इंजिन मागवलं, आणि वल्ह्यांवर दोन माणसं नेमली. एका वल्ह्याच्या चिरेत गेल्या सालची शेवई अडकली होती, ती तशीच राहू दिली. त्या दिवशी वल्ही नावेत असती तर पुरात काही उपयोग झाला असता का, हे मी दस्तगीरला विचारलं नाही.